जुना लॅपटॉप: विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट टाकायचंय, आधी काय तयारी करू?

गुळपोळी
नमस्कार मंडळी. लॅपटॉप आय-५, सातव्या पिढीचा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. त्यामुळे नेटवरची कामं मिंटवर (विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम) न्यायचा विचार आहे. पण टॅली आणि श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) जुन्या फायलींसाठी विंडोज हवंच. सी ड्राइव्हवर ११० जीबी मोकळी आहे. सरळ पेनड्राइव्ह लावून ‘विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल’ दाबलं तर चालेल का? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

बिनपाण्याचा नळ
चालेलही. पण थांबा, आधी बॅकअप. टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर इन्स्टॉल करताना चुकून तीच निवडणारे महाभाग मी पाहिलेत. (आरशात.)

ओसरी
पेनड्राइव्हला नंतर हात लावा, खरी तयारी विंडोजमध्येच करायची असते.

सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा. आपण चालू केलं नसलं तरी असू शकतं. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बूटमध्ये फेरफार झाला की विंडोज ती मागतं, आणि की नसेल तर डेटा गेलाच समजा. मी तर एन्क्रिप्शन आधी बंदच करतो.

मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते. विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) अडकून राहतं आणि मिंटमधून त्यावर काही लिहिता येत नाही.

जागा डिस्क मॅनेजमेंटमधूनच ‘श्रिंक’ करून काढा, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोडू नका. ६० जीबी पुष्कळ झाली. निघालेली जागा ‘अनअ‍ॅलोकेटेड’ राहू द्या, उत्साहात तिथे डी ड्राइव्ह करू नका. आणि चार्जर लावून, बॅटरी भरलेली असतानाच. आमच्याकडे लाईट जायची वेळ ठरलेली नसते.

तिसरी घंटा
व्हर्च्युअलबॉक्स का नको? विंडोजच्या आतच एका खिडकीत मिंट चालेल. पार्टिशनची भानगडच नाही.

ओसरी
८ जीबीत दोन सिस्टीम एकदम म्हणजे एका ताटात दोन पैलवान. शिवाय खाली सपोर्ट नसलेलं विंडोजच नेटला जोडलेलं राहणार. त्यापेक्षा लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर मिंट तिच्यावर टाका, हा सगळ्यात निर्धास्त मार्ग.

गुळपोळी
दुसरी जागा नाही, उघडून पाहिलं. एन्क्रिप्शन बंदच होतं. पण श्रिंक करायला गेलो तर ११० मोकळी असून फक्त ११ जीबी देतोय!

बिनपाण्याचा नळ
न हलणाऱ्या फायली मध्ये ठाण मांडून बसल्यात. हायबरनेशन, सिस्टीम रिस्टोअर आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. नंतर पेजफाइल आणि रिस्टोअर आठवणीने चालू करा.

कंदील
ओसरींना +१. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोप, सगळं तपासा. तिथे एसएसडीच दिसली नाही तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज ‘रेड’ या पद्धतीवर असेल. ते थेट ‘एएचसीआय’ या दुसऱ्या पद्धतीवर नेलंत तर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, मग बायोस बदला.

गुळपोळी
झालं! पेजफाइल बंद केल्यावर ७० जीबी मिळाली, एसएसडीही लगेच दिसली. मिंट २२ टाकलं, सुरू करताना दोन्हींचा पर्याय येतो. एकच गंमत: आज सकाळी सव्वासहाला विंडोज उघडलं तर घड्याळात पाऊण वाजलेला.

ओसरी
बरोबर साडेपाच तास मागे! मिंट मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच इथली समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) टाइमडेटसीटीएल ही आज्ञा वापरून ‘सेट लोकल आरटीसी’ची किंमत १ करा. मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा.

गुळपोळी
केलं, जमलं. आता मिंटमध्ये मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सोडून काय वापरता? नवा धागा काढतो.