रॉजरचा मृत्यू मुलांपासून का लपवायचा?

होटगी रस्ता: फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही त्रिखंडी कादंबरी मुलांच्या कपाटातून हलवावी, कारण साहसकथेत धर्मसत्तेवर टीका आणि लहान मुलाचा मृत्यू नको, असे काल आपल्या सोलापूरकरांच्या या चर्चेत लिहिले गेले. मला हे अजिबात पटलेले नाही. १९९५ साली आलेल्या पहिल्या भागाला इंग्लंडमध्ये बालसाहित्याचे कार्नेगी पदक मिळाले आहे. कादंबरीची नायिका लायरा आपल्या मित्राला, रॉजरला, सोडवायला थेट उत्तरेच्या बर्फात जाते, त्याला सोडवते, आणि विश्वासाने जिच्यापुढे नेऊन उभे करते ती व्यक्ती, म्हणजे तिचा स्वतःचा बाप, त्याचा बळी देतो. आपल्या हातून नकळत असे घडू शकते, हे मुलांना कथेतूनच कळलेले बरे. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, दुसऱ्या दिवशी होम मैदानावरच्या होमात कुंभारकन्येचे प्रतीकात्मक अग्नीत जाणे आपली मुले आपल्या खांद्यावर बसून पाहतातच ना?

विजापूर वेस: पदके मोठी माणसे देतात. माझा सहावीतला भाचा रॉजरच्या प्रकरणानंतर कित्येक रात्री आईजवळ झोपत होता. शिवाय तिसऱ्या भागाने व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्कारांतला २००१ चा सर्वोच्च पुरस्कार मोठ्यांच्या पुस्तकांना मागे टाकून मिळवला. मग ते पुस्तक मोठ्यांचेच नव्हे काय?

बाळीवेस: होमाची तुलना कादंबरीशी करणे मला सहन झालेले नाही. आमच्या घरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या यात्रेतले मानाचे उंच नंदीध्वज पेलत आले आहेत. होम ही श्रद्धा आहे. तो काही मुलांना मृत्यू शिकवण्याचा वर्ग नव्हे. हे विधान आपण मागे घ्यावे.

होटगी रस्ता: मागे घेणार नाही. अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्यासमोर ‘हर्र बोला हर्र’ म्हणत मीही अक्षता टाकतो, आणि श्रद्धा आहे म्हणूनच ती कथा मुलीला पूर्ण सांगितली: सिद्धरामेश्वरांनी लग्नाला नकार दिला, कुंभारकन्येने त्यांच्या योगदंडाशी लग्न लावले आणि नंतर ती अग्नीत गेली. “ती का गेली?” असे मुलीने विचारले, तेव्हा घरातल्या एकाही मोठ्या माणसाला उत्तर देता आले नाही. कथेने असा प्रश्न जागा केला, तर तिचे पावित्र्य कमी होत नाही.

बाळीवेस: प्रश्न मुलीने जरूर विचारावा, पण त्याचे उत्तर घरात शोधावे, परक्या पुस्तकात नव्हे.

रेल्वे लाइन्स: आपण वय आणि श्रद्धा यांवर भांडत आहोत, पण माझ्या मुलांच्या वाचनालयात बालविभागाचे कपाट कुलूपबंद असते आणि किल्ली मागितली की “कोणते पुस्तक हवे ते आधी सांगा” असे ऐकावे लागते. पुस्तके चाळल्याशिवाय मुलाला आपली आवड कशी कळणार? आधी ते कुलूप काढायला लावा.

विजापूर वेस: कुलपाबाबत सहमत आहे. पहिला भागही देईन, मात्र घरातल्या कोणीतरी तो आधी वाचलेला असावा. तिसरा देणार नाही. लायरा आणि दुसऱ्या जगातला मुलगा विल यांचे एकमेकांवर प्रेम जडते आणि लगेच दोघांना आपापल्या जगात कायमचे परतावे लागते, हे दुःख सहावीच्या मुलावर लादण्याचे कारण मला अजूनही कोणी सांगितलेले नाही.