पोर्तुगीजमध्ये नाताळचं कार्ड लिहायचं आहे, मदत हवी (तातडीची)

कोथरूडकर (२ डिसेंबर, सकाळी ९.१०)
कार्ड आणलंय, आतली बाजू कोरी आहे. पोर्तुगीजमध्ये चारच ओळी हव्यात: नाताळच्या शुभेच्छा, आभार आणि नव्या वर्षासाठी दोन शब्द. मशीनला तीनदा विचारलं, तीन वेगळी वाक्यं आली. पाकीट उद्या पोस्टात पडायलाच हवं. ज्यांना भाषा येते त्यांनीच लिहा, ही विनंती.

रानवारा
'फेलीझ नाविदाद' लिहा. सगळीकडे चालतं.

साल्सेतकार
रानवारा, ते स्पॅनिश झालं. पोर्तुगीजमध्ये 'फेलीझ नाताल'. आपला नाताळ हा शब्द त्यांच्याकडूनच आला. नव्या वर्षासाठी 'प्रॉस्पेरु आनु नोवु', भरभराटीचं नवं वर्ष, आणि सणाच्या सगळ्या दिवसांना मिळून 'बोआश फेश्ताश'. मडगावला आजोबांकडे येणाऱ्या कार्डांवर हेच छापलेलं असायचं. रोमन अक्षरं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चार_वर्षं_ब्राझील
कार्ड ब्राझीलला जायचंय की पोर्तुगालला, ते आधी सांगा. ब्राझीलमध्ये उच्चार 'फेलीस नाताउ' असा होतो आणि लोक फार मोकळे. शेवटी 'उं ग्रांजी आब्रासु' लिहून टाका, म्हणजे मोठी मिठी. मी तर साहेबांनासुद्धा असंच लिहायचो.

कोथरूडकर
ब्राझील कुठून आलं? पोर्तोला पाठवायचंय. मुलगी तिथे दोन वर्षं शिकायला होती, तिच्या घरमालकीणबाईंना.

लिस्बनवासी
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. पोर्तो म्हणजे मिठी नको. बाईंचं वय काय? ब्राझीलमध्ये सर्रास चालणारं 'वोसे', म्हणजे 'तुम्ही', पोर्तुगालात वडीलधाऱ्यांना उद्धट वाटू शकतं. मशीन बहुतेक तेच देत असेल. इथे 'दोना' आणि पुढे पहिलं नाव असं लिहितात. वाक्यातही 'आ सेन्योरा' म्हणायचं, आपण आजेसासूबाईंना 'आपण' म्हणतो तसं. आणि ताई, आभार मानताना 'ओब्रिगादा' लिहा. बाईने 'ओब्रिगादु' लिहिलं तर चूक दिसते.

चार_वर्षं_ब्राझील
'वोसे' उद्धट कसं? वीस कोटींहून जास्त माणसं पोर्तुगीज बोलतात ती ब्राझीलमध्येच. पोर्तुगाल त्यापुढे केवढासा!

लिस्बनवासी
माणसं मोजून उपयोग नाही. कार्ड एका आजीबाईंनी वाचायचंय, आणि त्या पोर्तोच्या आहेत.

कोथरूडकर
मी ताई नाही, मुलीचा बाबा आहे. सही तिघांची असेल. बाई सत्तरीच्या पुढच्या. पत्त्यात '३' च्या पुढे 'एस्क' असं काहीतरी आहे, ते काय?

लिस्बनवासी
तिघांची सही असेल तर 'ओब्रिगादुश', अनेकवचन. 'एस्क' म्हणजे 'एश्केर्दु', डावीकडचं. तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार. 'दिरेइतु'चं 'डी-टी-ओ' असतं तर उजवीकडचं. हे गाळू नका. इथे बऱ्याच इमारतींत पेटीवर नाव नसतं, मजला आणि बाजू एवढंच असतं. पिनकोड चार आकडे, आडवी रेघ, तीन आकडे. पोर्तोचा ४ ने सुरू होतो, तपासून घ्या.

सुगरण_नाशिक
सोबत फराळ पाठवणार असाल तर दूध किंवा मांस असलेलं काही घालू नका, युरोपात अडवतात. घरगुती भेटवस्तू ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. चकली छान पोचते, मी डब्यात कागद घालून पाठवते.

कोथरूडकर
फराळ नाही, फक्त कार्ड. चार ओळी मिळतील का?

साल्सेतकार
मिळतील. पण आभार कशाचे, तेवढं सांगा. नुसतं 'सगळ्यासाठी आभार' कोणीही लिहितं.

कोथरूडकर
पहिल्या हिवाळ्यात मुलगी तापाने फणफणली होती. बाई तीन दिवस जिना चढून तिच्यासाठी कोंबडी आणि भाताचं सूप आणायच्या. पातेल्यावर बशी, बशीवर निळं फडकं, आणि ती दोन घास खाईपर्यंत खुर्चीत बसून राहायच्या. इंग्रजी त्यांना येत नाही. मुलगी त्या सुपाला 'कांजा' म्हणते.

साल्सेतकार
कांजा! अहो, हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याच किनाऱ्यावरून नेला, मल्याळममधली कंजी ती. आजारी माणसाला आपण पेज देतो, ते कांजा देतात. 'ओब्रिगादुश पेला कांजा' एवढंच लिहा, बाई ओळखतील.

रेवदंडा_नाका
अवांतर, पण राहवत नाही. मुरूड तालुक्यात आमच्या शेजारी कोर्लईत आजही पोर्तुगीजपासून बनलेली बोली घराघरांत बोलतात. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, बोली राहिली. पोर्तुगीज म्हटलं की सगळ्यांना फक्त गोवा आठवतो.

साल्सेतकार
त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

रानवारा
पण मुलीलाच का नाही विचारत? दोन वर्षं राहिली ना?

कोथरूडकर
ती म्हणते, फोन करू. बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. शिवाय त्यांचे यजमान ऑगस्टमध्ये गेले. म्हणून आम्हाला कार्डच पाठवायचंय, उशाशी ठेवता येतं.

लिस्बनवासी
कोथरूडकर, मग मजकूरच बदलतो. 'फेलीझ' म्हणजे आनंदी. यंदा 'उं सांतु नाताल' लिहा, पवित्र नाताळ.

साल्सेतकार
'फेलीझ' ही रीतच आहे, कोणी वाईट मानत नाही.

लिस्बनवासी
मानत नसतील. तरी चार महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईंना आनंदी नाताळ मी लिहिणार नाही. २४ च्या रात्रीचं जेवण म्हणजे 'कोंसुआदा'. उकडलेला बाकाल्याव (खारवलेला कॉड मासा), बटाटे, कोबी. माझ्या शेजारच्या घरी जेवणानंतर ते टेबल आवरत नाहीत, गेलेल्यांसाठी रात्रभर मांडलेलं ठेवतात. यंदा या बाईंच्या टेबलाशीही एक खुर्ची रिकामी असेल.

साल्सेतकार
हे पटलं. आमच्या वाड्यातही दुःख असलेल्या घरी नेवऱ्या-दोदोल असं नाताळचं गोडधोड करत नाहीत, शेजारचे आणून देतात. 'सांतु'च लिहा.

लिस्बनवासी
घ्या: 'केरीदा दोना' आणि नाव. मग 'देसेजामुश-ल्ये उं सांतु नाताल, कों पाझ', शांतीच्या, पवित्र नाताळच्या शुभेच्छा. मग 'पेंसामुश मुइंतु ना सेन्योरा', तुमची फार आठवण येते. मग 'ओब्रिगादुश पेला कांजा'. नव्या वर्षाचं 'प्रॉस्पेरु' यंदा गाळा, शेवटी 'कों कारीन्यु', मायेने. स्पेलिंग व्यनि केलंय, 'कारीन्यु'त एन नंतर एच विसरू नका. आणि पोस्टाची धास्ती नको. इथे सण ६ जानेवारीपर्यंत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या दिवसापर्यंत चालतो. जानेवारीत पोचलं तरी कार्ड शिळं होत नाही.

कोथरूडकर (रात्री १०.४०)
दोघांचे मनापासून आभार. व्यनि मिळाले. मी कच्च्या कागदावर उतरवत होतो, मुलगी मागून वाचत होती. 'कांजा'पाशी आली आणि पेन माझ्या हातातून घेतलं. आता कार्ड तीच लिहितेय.