अनुभव धागा: शेजारची दोन उपनगरं, घर कुठे घ्यावं?

शेजारशेजारच्या दोन उपनगरांतलं कोणतं बरं, हे विचारलं की उत्तरं बहुतेक वेळा 'आमचाच भाग चांगला' इथे येऊन थांबतात. म्हणून हा धागा मुद्दाम कामातल्या लोकांसाठी काढलाय. मूल्यांकन, नळकाम, वाहतूक, कर्ज यांत रोज हात असलेल्यांनी लिहावं: काय तपासता, कसं मोजता, घेणाऱ्यांचं कुठे चुकतं. स्वतःच्या घराच्या गोष्टी नकोत.

मूल्यांकनाच्या बाजूने

दोन्हीकडचा 'सरासरी भाव' शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. एखाद्या तिमाहीत एका उपनगरात नव्या इमारतींतली मोठी घरं जास्त विकली गेली की सरासरी वर जाते. जुन्या घरांचा भाव जागचा हललेला नसतो. दोन्हीकडचे निदान सहा-सहा नोंदणी झालेले व्यवहार काढा. इमारतीच्या वयात पाच वर्षांपेक्षा आणि क्षेत्रफळात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, स्टेशनपासूनचं अंतरही जवळपास सारखं हवं. क्षेत्रफळ दोन्हीकडे भिंतींच्या आतलं, वापरायचंच धरा. मग चढत्या क्रमाने लावून मधला आकडा बघा. जाहिरातीतला भाव या हिशोबात घेऊच नका, ती फक्त मालकाची अपेक्षा असते.

सीमेलगतच्या घरांबाबत जास्त सावध राहा. दोन गल्ल्या अलीकडचं घर सर्रास पलीकडच्या महाग उपनगराच्या नावाने विकायला येतं. मालमत्ता कराची पावती, पाणीबिल आणि शाळाप्रवेशाची हद्द हे तीन कागद वेगवेगळे तपासा, कारण तिन्हींच्या सीमा एकच असतील असं नाही.

नळकाम आणि सांडपाणी

उपनगराचं नाव पाण्याला कळत नाही, उंची कळते. दोन उपनगरांत असतो त्याहून मोठा फरक एकाच उपनगराच्या चढावरच्या आणि खोलगट गल्लीत असतो. समोच्चरेषांचा नकाशा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) मिळवा आणि दोन्ही घरांची पातळी जवळच्या नाल्याशी ताडून बघा. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नका, त्यात कित्येक मीटरची चूक सहज असते.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांच्या कर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होते, 30 वर्षांत 26.

तळमजला किंवा तळघर असेल तर एक गोष्ट प्रत्यक्ष उभं राहून बघा. घरातली सगळ्यात खालची सांडपाण्याची जाळी, बहुधा न्हाणीतली, रस्त्यावरच्या जवळच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे का? असेल, तर मुख्य वाहिनी तुंबल्यावर मैला आधी न्हाणीतून वर येतो, मॅनहोलमधून नंतर. दारातून पाणी आत न येताही घर बुडतं ते असं. अशा ठिकाणी उलटा प्रवाह रोखणारी झडप आहे का, ते विचारा. पाणी आधी शिरलेलं असेल, तर नव्या रंगाखालीही भिंतीच्या तळाशी फुगवटे, पांढरे क्षार आणि दाराच्या चौकटीचं कुजलेलं टोक लपत नाही.

पाण्याचा दाब बघायला 10 लिटरची बादली पुरते. सकाळच्या गर्दीच्या वेळी, सगळ्यात वरच्या नळाखाली लावा. एका मिनिटात भरली तर ठीक; तीन मिनिटं लागली तर पंपाचा खर्च धरा. दर 10 मीटर उंचीला साधारण एक बार (दाबाचं एकक) इतका दाब कमी होतो, त्यामुळे तळमजल्यावरची चाचणी चौथ्या मजल्याला लावू नका.

वाहतूक नियोजनातून

'स्टेशनपासून 800 मीटर' हे बहुधा नकाशावरचं सरळ अंतर असतं. मध्ये रूळ, नाला किंवा बंद वसाहत असली की चालण्याचं अंतर दीडपट सहज होतं. दारापासून कामाच्या दारापर्यंतचा वेळ कामाच्या दिवशी, जाताना आणि येताना दोन्ही मोजा, आणि सरासरीऐवजी वाईट दिवसाचा धरा, कारण घरातून निघायचं त्या हिशोबाने असतं. एका बाजूचे 25 मिनिटं जास्त म्हणजे 220 कामाच्या दिवसांत 183 तास.

वरच्या मुद्द्यावर

तासांचा हिशोब बरोबर, पण त्याला इतकं वजन देण्याशी सहमत नाही. नोकरी बदलते, घर तिथेच राहतं. आजच्या कार्यालयापेक्षा दोन वेगवेगळ्या दिशांना जायचे मार्ग किती आहेत ते बघा. एकाच पुलावर अवलंबून असलेलं उपनगर पूल दुरुस्तीला निघाला की अडकून पडतं.

कर्जाच्या टेबलावरून

वर्षाच्या भाड्यातून कर, देखभाल आणि महिनाभर घर रिकामं राहण्याचा तोटा वजा करा. उरेल त्याला नोंदणीसकट एकूण खर्चाने भागा आणि येणारा आकडा दोन्ही उपनगरांत ताडून बघा. समजा किमतीत 15 टक्के फरक आहे आणि भाड्यात फक्त 4. तर महाग उपनगरात मोजलेले जास्तीचे पैसे आजच्या सोयीचे नसून उद्याच्या अपेक्षेचे आहेत. ती अपेक्षा येऊ घातलेल्या मार्गावर उभी असेल, तर जमीन ताब्यात आली का आणि कंत्राट दिलंय का, एवढंच विचारा. नुसती घोषणा झालेला प्रकल्प हिशोबात शून्य धरावा.

आवाजाबद्दल थोडक्यात

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनात रस्त्याच्या रहदारीसाठी रात्रीची शिफारस 45 डेसिबलच्या खाली आहे. मोकळ्या जागेत रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने उतरतो. म्हणून एक गल्ली आत सरकण्यापेक्षा झोपायच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या विरुद्ध बाजूला असणं जास्त उपयोगी.

प्रश्न: तळमजला आवडलाय, सांडपाण्याचा उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवलेली आहे. मग काळजी मिटली का?

नळकाम: पूर्ण नाही. झडप बंद असताना तुमच्या घरातलं पाणीही बाहेर जात नाही, त्यामुळे त्या वेळी वरच्या मजल्यावरचे नळ आणि फ्लशसुद्धा वापरायचे नाहीत. केस आणि तेलकट गाळ झडपेच्या उघडमीट होणाऱ्या पाकळीत अडकला की ती नीट मिटत नाही. दर सहा महिन्यांनी आणि पावसाळ्यापूर्वी झाकण उघडून साफ करा. झडप फरशीखाली गाडलेली असेल आणि झाकणच सापडत नसेल, तर ती नाही असं धरून किंमत ठरवा.