पुढे नाम आहे का, ते आधी बघा

इंग्रजी वाक्यांतली सर्वनामं ओळखताना ‘धिस बुक इज माइन’ यातलं धिस तुम्ही दर्शक सर्वनाम (वस्तू दाखवणारं, नामाऐवजी येणारं) धरलंय, तिथेच घोळ झाला. पुढे बुक बसलंय, म्हणजे ते विशेषणाचं काम करतंय. ‘धिस इज माइन’ म्हटलं की सर्वनाम. आपल्याकडे ‘हे पुस्तक माझं आहे’ आणि ‘हे माझं आहे’ यांत तोच फरक.

अनिश्चित सर्वनामांनाही (नेमकं कोण, किती ते न सांगणारी) हीच कसोटी: ‘सम पेजेस आर टॉर्न’मध्ये सम विशेषण, ‘सम आर टॉर्न’मध्ये सर्वनाम. नन (none) मात्र इथे सर्वनामच. नामाआधी यायला नो (no) लागतं.

खरी फसगत दॅटची. ‘आय नो (know) दॅट’मध्ये सर्वनाम, पण ‘आय नो दॅट ही लेफ्ट’मध्ये ते नुसतं वाक्यं जोडणारं आपलं ‘की’. आमच्या चिरंजीवांनी त्यालाही सर्वनाम समजून गोल केला होता, तोही पेनाने!