दोन खोल्यांचं संग्रहालय आणि अनुदानाचा अर्ज : सुरुवात कुठून करू?

सुरसागरकाठ (बडोदे)

मंडळी, नमस्कार. बडोद्याला दांडिया बाजारात आमची एक जुनी मराठी संस्था आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिची चिटणीस झाले, त्याला आता चार वर्षं होतील. संस्थेच्या मागच्या दोन खोल्यांत जे आहे त्याला आम्ही संग्रहालय म्हणतो. अकरा रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे) मोडी कागद, दीडशेच्या आसपास पोथ्या, काचेच्या निगेटिव्हचे चार डबे, दोन पगड्या, आणि शाळांची जुनी हजेरीपत्रकं. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं, त्यानंतरची ही पत्रकं आहेत. मुलींची नावं वेगळ्या पानावर आहेत. मी ती मोजत बसते.

आणि एक लाकडी पेटी आहे. बोर्डनसाहेब १९१० साली अमेरिकेहून आले, त्यांनी इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली, आणि मग पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्याकडची पेटी त्यातलीच, असं ती देणाऱ्या घरानं सांगितलं. बिजागरी अजून शाबूत आहे, झाकणाच्या आत गावांची नावं शाईनं लिहिलेली आहेत. कुठल्या तरी गावात ती गाडीतून उतरली असेल आणि पोरं भोवती जमली असतील, हे दरवेळी मनात येतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीनं शहर बुडवलं, त्या आठवड्यात आमच्या मागच्या खोलीतही पाणी आलं. खालच्या फळीवरचे तीन रुमाल भिजले. मी ते गच्चीवर उन्हात पसरले. कागद वाळले, पण कडक झाले, कडा तुटायला लागल्या, काही पत्रांवरची शाई पसरली. उन्हात घालायचे नसतात हे मला नंतर कळलं. ही माझी चूक आहे आणि ती मला पुन्हा होऊ द्यायची नाही.

आता प्रश्न. कार्यकारिणीत कुणीतरी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना सुचवली. एक सल्लागार येऊन गेले. मंजूर रकमेवर टक्केवारी आणि त्यातली काही रक्कम आधी द्या, म्हणाले. त्यांच्या आराखड्यात वातानुकूलित दालन, टचस्क्रीन, स्वागतकक्ष असं सगळं आहे. रुमालांचा उल्लेख एका ओळीत. आमचं वर्षाचं उत्पन्न हॉलचं भाडं आणि वर्गणी मिळून साडेतीन लाख. न्यू जर्सीतला माझा भाचा पैसे पाठवायला तयार आहे, तेही घ्यावेत का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

कमाटीबाग

ताई, मी सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र विभागात शिकलो. १९५२ पासूनचा हा विभाग तुमच्या दारातच आहे, आधी तिथे जाऊन भेटा. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम लागतंच आणि तुमच्याकडे ते भरपूर आहे.

सल्लागाराला पैसे देऊ नका. तुमचा संग्रह तीन वेगळ्या जातींचा आहे आणि तिघींसाठी पैशाची दारं वेगळी आहेत, हे आधी पाहा. पोथ्यांसाठी २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशन होतं, २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् जाहीर झालं. पण त्यांच्या लेखी पांडुलिपी म्हणजे हातानं लिहिलेली, निदान ७५ वर्षं जुनी आणि काही शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेली. शिळाप्रेसवर छापलेली पोथी त्यात येत नाही, कितीही जुनी असो. दीडशेतल्या किती हातच्या आणि किती छापील, हे आधी वेगळं करा. भिंगातून पाहा. शिळाप्रेसची शाई सगळीकडे सारखी बसते; बोरूच्या अक्षरात दाब कमीजास्त होतो, शाई संपत आलेली दिसते.

मोडी रुमालांचं दुखणं वेगळं. फर्मानं, महसुली कागद, दप्तर यांना मिशन ऐतिहासिक दस्तऐवज म्हणतं, पांडुलिपी नव्हे. तिथे अर्ज केलात तर नाकारला जाईल आणि वर्ष जाईल. दस्तऐवजांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे विचारणा करा. खाजगी संस्थांना हस्तलिखितं आणि दुर्मीळ ग्रंथ जपण्यासाठी त्यांची अर्थसाहाय्याची योजना आहे, तुमच्या रुमालांचं त्यात काय बसतं ते तेच सांगतील.

राहिली पेटी, पगड्या, निगेटिव्ह. संग्रहालय योजनेत बसणारी खरी ही मंडळी. पण तिच्यात केंद्र खर्चाच्या जास्तीत जास्त ८० टक्के देतं. पन्नास लाखांचा प्रकल्प मांडलात तर दहा लाख तुमच्या खिशातून. साडेतीन लाखांच्या संस्थेनं दहा लाखांचं वचन देऊ नये. शिवाय दालन उभं राहिल्यावर त्याचं वीजबिल आणि माणसाचा पगार दर महिन्याला तुमच्याच माथी.

आणि काहीही करण्याआधी ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देणारी नोंदवही. तुमच्या लिहिण्यात ‘आसपास’ हा शब्द आहे. ज्या संस्थेला आपल्याकडे पोथ्या नक्की किती हे सांगता येत नाही, तिला पैसे द्यायला कोणतीही समिती कचरते, आणि त्यात तिची चूक नाही.

जमाखर्च_इंदूर

ताई, मी इंदूरचा. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं, आता आमच्या इथल्या एका संस्थेचा खजिनदार आहे. वरच्यांनी संग्रहाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

पहिलं, संस्थेचे विश्वस्त कोण हे चॅरिटी कमिशनरच्या (धर्मादाय आयुक्तांच्या) दप्तरात आजच्या तारखेला बरोबर आहे का? आमच्याकडे मध्य प्रदेशात कायदा वेगळा आहे, पण तुमच्याकडे सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० चा, महाराष्ट्रासारखाच. विश्वस्तांत बदल झाल्यावर ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. जुन्या संस्थांमध्ये तीन विश्वस्त वारलेले असतात आणि त्यांची नावं तशीच असतात. मग बँकेत सही कुणाची, करारावर सही कुणाची, इथेच घोडं अडतं. त्यानंतर दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नंबर, पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या प्रणालीतली नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब.

अनुदान आल्यावरचं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहितो. अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा. त्यावर बसलेलं व्याज तुमचं नसतं. केंद्र सरकारच्या वित्तीय नियम २०१७ प्रमाणे ते सरकारजमा करावं लागतं. एका संस्थेनं त्या व्याजातून खुर्च्या घेतल्या, हेतू चांगला होता, पण पुढचा हप्ता दोन वर्षं अडकला. मी तो पत्रव्यवहार स्वतः पाहिलाय. उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, ते नमुना १२-ए मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत. अनुदानातून घेतलेल्या कपाटाचीही मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद लागते आणि ते कपाट परवानगीशिवाय विकता येत नाही. हे सगळं सांभाळणारा एक माणूस आज तुमच्याकडे आहे का, ते आधी पाहा.

भाच्याचं म्हणाल तर त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर घ्या, पावती द्या. अमेरिकेचा नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं तरी, तो पैसा परदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. आपलाच पोर आहे म्हणून घेतलेला पैसा संस्थेला फार महागात पडतो.

तुमच्या आसपास मोठे कारखाने आहेत. कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाची (सीएसआर) यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, तिच्यात वारसा आणि कलेचं जतन आहे. प्राप्तिकराची १२-ए आणि ८०-जी, आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१, ही नोंदणी असेल तर दोन-तीन लाखांची मागणी थेट तिथे करा. इतक्या लहान कामाला तो रस्ता जवळचा.

वाटसरू

माझं मत कडू लागेल. दोन खोल्या, पुराचं पाणी, एक चिटणीस. अशा वेळी कागद बडोद्याच्याच कोठी भागातल्या सरकारी अभिलेखागारात आणि पोथ्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात देऊन टाकणं हेच त्यांच्या हिताचं. संस्थेचं नाव देणगीदार म्हणून राहील.

सुरसागरकाठ (बडोदे)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटसरू, तुमचं म्हणणं मी रात्रभर मनात घोळवलं. पोथ्यांपुरतं ते मला पटतंही. पण रुमाल ज्या घरांनी दिले, त्यातल्या एका आजींनी माझ्या हातात रुमाल ठेवताना सांगितलं होतं, “हे बाजारातच राहू दे, माझ्या नातवाला चालत येऊन बघता आलं पाहिजे.” त्या आता नाहीत. तो शब्द मी दिलाय, तेव्हा रुमाल इथेच राहतील, आणि इथे ते नीट राहतील एवढं मला करायचंय.

आमच्या ऑडिटरना फोन केला. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, “बेन, पहेलां ट्रस्टीनां नाम सुधारो.” सातपैकी दोन विश्वस्त हयात नाहीत आणि फेरफार अर्ज झालेलाच नाही. इंदूरच्या भाऊंनी इतक्या लांबून ओळखलं! तो अर्ज या महिन्यात जाईल. भाचा अमेरिकेचा नागरिक झालाय. त्याला नाही म्हणून कळवलं, तो इथे येईल तेव्हा आठ दिवस नोंदी करायला बसणार आहे.

सल्लागारांनाही नाही कळवलं. कार्यकारिणीत दोघे नाराज आहेत. टचस्क्रीनची त्यांना हौस होती आणि त्यांचा उत्साह मला घालवायचा नाही, म्हणून पोथ्या वेगळ्या करायचं काम त्यांनाच दिलंय. पहिल्या चाळीसमध्ये हातच्या सव्वीस निघाल्या.

रविवारी रजिस्टर सुरू केलं. क्रमांक १ ला पेटी. रुमालांपाशी मात्र अडले. एका रुमालात दोन-अडीचशे कागद आहेत. रुमालाला एक क्रमांक द्यायचा की प्रत्येक कागदाला?

कमाटीबाग

दोन्ही, ताई. रुमालाला मुख्य क्रमांक, आतल्या पुडक्याला उपक्रमांक, मग कागदाचा. ५/३/१७ असा. कागद ज्या क्रमानं बांधलेले आहेत तो क्रम बदलू नका, तारखेप्रमाणे लावायचा मोह झाला तरी. कुठला कागद कुणाशेजारी होता यावरून घराचा व्यवहार कळतो. क्रमांक मऊ शिसपेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. बॉलपेन नको, संस्थेचा शिक्का नको, चिकटपट्टी तर मुळीच नको.

भिजलेले तीन रुमाल शेवटी घ्या आणि एकटीनं उलगडू नका. चिकटलेले कागद ओढले की वरचा थर निघतो. मी दिवाळीनंतर बडोद्यात आहे, टीपकागद आणि हाडाची पट्टी घेऊन येतो. तोवर ते खालच्या फळीवरून उचलून कमरेच्या वर ठेवा, भिंतीपासून वीतभर अंतरावर.