मदत हवी आहे: इंग्रजीतल्या दोन-तीन अक्षरी शब्दांचे मराठी अर्थ

फोंड्याला आमच्या वाड्यावर चवथीच्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांसाठी अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ ठेवतोय. नियम एकच: शब्द केला की त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, नाहीतर गुण नाहीत.

अडलंय इथेच. ई, ए, टी या तीन अक्षरांतून ईट, एट, टी निघतात ते ठीक. पण 'एटा'ही निघतो, तो ग्रीक वर्णमालेतला सातवा वर्ण. 'क्यू-आय' म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती, 'ए-ए' म्हणजे खडबडीत लाव्हा (मूळ हवाईयन). 'सी-डब्ल्यू-एम' वेल्शमधून आलाय, त्याला भूगोलातला 'हिमगव्हर' (हिमनदीने डोंगरात कोरलेला खोलगट भाग) चालेल असं वाटतं. 'ए-आय' म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, झाडावर राहणारा संथ प्राणी. पोरं अर्थातच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणणार, नाहीतर सरळ 'आई'!

शब्द शोधून देणाऱ्या साइट पाहिल्या, त्या नुसती यादी देतात. कॉलिन्सच्या शब्दकोशात अर्थ मिळतात, पण इंग्रजीत. भाषांतराच्या अ‍ॅपने स्लॉथचं 'आळस' केलं. मोल्सवर्थचा कोश घरी आहे, पण तो मराठी-इंग्रजी, म्हणजे दिशाच उलटी.

सभामंडपात नेट मिळत नाही, त्यामुळे छापून नेता येईल असंच हवं. एका ओळीचा अर्थ पुरे. उच्चार देवनागरीत असेल तर उत्तमच. कोंकणी प्रतिशब्दही चालतील, अर्धी मुलं घरी तीच बोलतात.

अशा छोट्या शब्दांचे अर्थ देणारा इंग्रजी-मराठी कोश कुणी वापरलाय का? आणि स्लॉथ या प्राण्याला मराठीत नेमकं काय म्हणावं?