जिद्द होतीच, हिशोब नव्हता

"जिद्द सोडली नाही की मार्ग निघतोच" असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या वडिलांकडे जिद्द पोत्यानं होती. पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, तळहातावर नारळ आडवा धरून शेतात फिरायचा, नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवायचा. तीन बोअर कोरडे गेले, ४०० फुटांवरही नुसता राखाडी भुगा उडत होता. तरी चौथा घेतलाच, आईच्या पाटल्या मोडून. याच पाणाड्याचे आधीचे तीन अंदाज चुकलेत, हे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. (माझीही नव्हती.)

दुष्काळातून वर आलेल्या हिवरे बाजार या गावाचा विषय निघाला की लोक श्रमदान आणि झाडांवरच बोलतात. मला त्यांचा पाण्याचा ताळेबंद जास्त मोठा वाटतो. गावात पडलेला पाऊस मोजायचा, माणसांना आणि जनावरांना लागणारं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. नगरच्या दुष्काळी पट्ट्यात, हातातोंडाची गाठ पडत नसताना, असा नकार ऐकून घेणं सोपं नसणार.

आमच्याकडे पाचवा बोअर झाला नाही. पाटल्या संपल्या होत्या.